गणकयंत्राचे घराणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लातूरच्या अडत बाजारातून फेरफटका मारलात, तर एक मौज हमखास दृष्टीस पडेल. पेढीवर चौरंग मांडलेला असतो. त्यावर लक्ष्मीची तसबीर, कोरी चोपडी, साळीच्या लाह्या, बत्तासे आणि झेंडूची फुले असा नेहमीचा सरंजाम असतो. आणि या जुन्याजाणत्या मंडळींच्या पंक्तीला एक काळा, चपटा, अबोल पाहुणा येऊन बसलेला असतो. त्याच्या झाकणावरही हळदकुंकवाचे बोट उमटलेले दिसते. हा पाहुणा म्हणजे गणकयंत्र, ज्याला आपण घरीदारी कॉम्प्युटर म्हणतो.

आता, आपल्याकडे पाहुणा घरात रुळला, की त्याचे कूळ विचारण्याची रीत आहे. गाव कोणते, मूळपुरुष कोण, आजोळ कुठले? मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुले शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले, म्हणून विज्ञानाच्या अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु घराण्याचा इतिहास सांगण्याची खोड कादंबरीकाराला असतेच, आणि या यंत्राचे जाणकार तर त्याचा इतिहास ‘पिढ्यां’मध्येच मोजतात. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर ही वंशावळ वाचकांपुढे ठेवण्यास हरकत नसावी. या घराण्याची एक शाखा आपल्या महाराष्ट्रातच वाढलेली आहे, आणि तिचा आपल्या मराठवाड्याच्या पाण्यापावसाशी फार जवळचा संबंध येतो.

मूळपुरुषापासून आरंभ करू. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘एनिॲक’ नावाचे यंत्र जगापुढे आले. वजन सुमारे ३० टन, पोटात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह सांगायला नको. रेडिओ लावला, की आतल्या काचेच्या नळ्या आधी लालसर तापत आणि मग कुठे आवाज फुटे. तीच ही नळी. तिच्यातून वीज वाहू द्यायची किंवा अडवायची, एवढेच काम तिच्याकडे होते. वाहिली तर एक, अडली तर शून्य. साऱ्या गणकयंत्रांची अक्षरओळख या दोन चिन्हांवर आटोपते. बाकीचा सगळा पसारा म्हणजे या ‘आहे’ आणि ‘नाही’ची विलक्षण वेगवान जुळवाजुळव. एनिॲक एका सेकंदात ५ हजार बेरजा करी. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक पावकी, निमकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ म्हणत आणि बाजारात कागदाला हात न लावता हिशेब सांगत. पण सेकंदाला ५ हजार बेरजांपुढे त्यांनीही पागोटे उतरवले असते.

मात्र या मूळपुरुषाला एक व्याधी होती, आणि ती म्हणजे उष्णता. हजारो नळ्या एकदम तापल्या, की खोलीची भट्टी होई. नळ्या जळत, त्या शोधून बदलाव्या लागत. या व्याधीचा विसर वाचकांनी पडू देऊ नये. कारण घराण्यातल्या प्रत्येक पिढीला ती वारशाने आली आहे.

आता मुंबईला येऊ. १९४५ साली डॉ. होमी भाभांनी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही संस्था स्थापन केली. स्वातंत्र्य मिळाले, आणि अवघ्या काही वर्षांत या संस्थेतील तरुणांनी ठरविले, की गणकयंत्र आपण स्वतः बांधायचे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली इंग्लंडहून एक गणकयंत्र आणविले होते. तसे आणणे काही अशक्य नव्हते. पण आणणे वेगळे आणि बांधणे वेगळे. आर. नरसिंहन हे या मंडळींचे म्होरके होते. त्यांच्या हाताखालच्या बहुतेकांनी गणकयंत्र बांधणे तर सोडाच, ते कधी वापरलेही नव्हते. पुस्तके वाचायची, आराखडे काढायचे, डाग देऊन तारा जोडायच्या, चुकले की उकलायचे, असा तो खटाटोप होता. १९५६ साली एक छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले, आणि १९६० साली मोठे यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले आणि ‘टिफ्रॅक’ असे नाव ठेवले. भारतीय हातांनी भारतात बांधलेले ते पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र.

टिफ्रॅकमध्ये २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. परंतु मला सर्वांत मोह पडतो तो त्याच्या स्मरणशक्तीचा. ही स्मरणशक्ती फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या बारीक बारीक कड्यांची होती. मंगळसूत्रातले काळे मणी ओवावेत तशा या कड्या तारांत ओवलेल्या असत. मात्र एकाच दोऱ्यात नव्हे, तर उभ्याआडव्या तारांच्या जाळीत. कडीचे चुंबकत्व एका दिशेला फिरले तर एक, उलट फिरले तर शून्य. टिफ्रॅकला २,०४८ ‘शब्द’ लक्षात ठेवता येत आणि प्रत्येक शब्द ४० चिन्हांचा होता. गुणाकार करून पाहा. एकूण ८१,९२० चिन्हे होतात, आणि एकेका चिन्हासाठी एकेक कडी! आज संगणकात एक मराठी अक्षरचिन्ह साठवायला अशी २४ चिन्हे सामान्यतः लागतात. म्हणजे एवढ्या अवाढव्य कपाटाच्या स्मरणात सुमारे ३,४०० मराठी अक्षरचिन्हे मावली असती. आपल्या हातातल्या या अंकाची जेमतेम एक-दोन पाने!

इथे या घराण्याच्या कथेतला पहिला करुण प्रसंग येतो. टिफ्रॅक उभे राहिले तेव्हा जगात ते जुने झालेले होते. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटेन या दोघांनी ट्रान्झिस्टर जन्माला घातला होता. शॉक्ली यांनी त्याला पुढे अधिक चांगले रूप दिले. व्हॉल्व्ह जे काम करी तेच हा करी, पण काचेची नळी नाही, तापून लाल होणे नाही, जागा चिमूटभर. पाहता पाहता गणकयंत्रांची दुसरी पिढी ट्रान्झिस्टरवर उभी राहिली. १९६४ साली मुंबईच्या त्याच संस्थेत सीडीसी-३६०० हे अमेरिकन ट्रान्झिस्टरचे यंत्र आले, आणि आपल्या मुलांनी रात्रीचा दिवस करून बांधलेले टिफ्रॅक त्या सुमारास निवृत्त झाले. कामावर येऊन त्याला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

कोणीही व्यवहारी माणूस विचारील, की मग हा सारा उपद्व्याप कशासाठी? पैसा गेला, वर्षे गेली, आणि शेवटी यंत्र परदेशाहूनच आणले ना? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मिळायला पुढच्या दोन पिढ्या पाहाव्या लागतात. यंत्राला मरण असते. पण ते बांधताना हाताला जी समज येते ती त्याच्याबरोबर मरत नाही. विकत घेणाऱ्याच्या हाती यंत्र उरते, आणि दहा वर्षांत त्याचे भंगार होते. बांधणाऱ्याच्या हाती, यंत्र भंगारात गेल्यावरही, विद्या उरते. टिफ्रॅकच्या परिवारातूनच पुढे मुंबईत संगणकविद्येची मोठी परंपरा उभी राहिली. १९८५ साली तिच्यातून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले. भाभांच्याच अणुशक्ती परिवारात १९६९ साली ‘टीडीसी-१२’, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, तयार झाला आणि त्याचा कारखाना हैदराबादेत, ईसीआयएल या सरकारी कंपनीत चालू लागला. आम्हां नांदेडकरांना हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आमचे सारे कागद त्याच दरबारी जात. पण कागद नेणारी आमची गाडी ज्या शहरात थांबे, तिथे देशी गणकयंत्र तयार होऊ लागले आहे, याची वार्ता आमच्या शाळांपर्यंत काही पोहोचली नाही.

तिसऱ्या पिढीची हकिकत थोडक्यात सांगतो. १९५८ साली जॅक किल्बी यांनी आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी, एकमेकांच्या आधाराशिवाय, एकच युक्ती शोधली. ट्रान्झिस्टर वेगवेगळे करून तारांनी जोडण्यापेक्षा एकाच तुकड्यावर सगळे मंडल का कोरू नये? वाळूपासून निघणारे सिलिकॉन हे त्यासाठी उत्तम ठरले. यालाच चिप म्हणतात. मग १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ नावाची चिप काढली. नखाएवढ्या जागेत २,३०० ट्रान्झिस्टर, आणि गणकयंत्राचा अख्खा मेंदू त्यात! ही चौथी पिढी, मायक्रोप्रोसेसरची. कपाटाचे टेबल झाले, टेबलाची पेटी झाली, आणि १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तोवर राजवाड्यात राहणारे हे घराणे आता गल्लीबोळांत बिऱ्हाड करू लागले.

आमच्याकडे ते बिऱ्हाड उशिराच आले. प्रारंभी त्याचा थाट देवघरासारखा होता. खिडक्यांना पडदे, खोलीत गारवा आणि दाराबाहेर चपलांची रास! विद्यार्थ्यांनी हात धुऊन आत जायचे आणि पडद्याकडे भक्तिभावाने पाहायचे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत चालू झाले, आणि मग ते सोवळे हळूहळू सुटले. एके वर्षी शाळेतली एक निकामी पेटी मी मुलांपुढे उघडली. मुलांची अपेक्षा, आत काहीतरी अद्भुत असेल. निघाली ती धूळ, हिरवी पाटी, आणि मधोमध एक पंखा. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, एवढं हुशार यंत्र हाय म्हणता, मग ह्याला वारं कशाला घालाय लागतंय?” मी त्याला एनिॲकच्या नळ्यांची गोष्ट सांगितली. मूळपुरुषाची व्याधी नातवालाही आहे, हे त्याला लगेच पटले. नांदेडच्या मे महिन्यात वाढलेल्या मुलाला उष्णतेविषयी अधिक काय सांगावे! पण मला त्याच्या प्रश्नाचे मोल अधिक वाटले. वर्गातल्या इतर मुलांना ती पेटी काय काय करून दाखवते, याचे कुतूहल होते. याला ती आतून कशी चालते, याचे होते.

आता ज्या प्रसंगासाठी ही वंशावळ मांडली त्याकडे वळतो. १९८० नंतर भारताला पावसाचे भाकीत करण्यासाठी महासंगणकाची, म्हणजे सुपरकॉम्प्युटरची गरज भासू लागली. अमेरिकेतील क्रे कंपनीची यंत्रे त्या काळी जगात अव्वल होती. बंगलोरच्या विज्ञान संस्थेला हवे असलेले मोठे यंत्र अमेरिकन सरकारने नाकारले. दिल्लीच्या हवामान केंद्राला त्याहून लहान यंत्र, तेही नाना अटी घालून, दिले. ज्याच्याकडून घ्यायचे त्याने ‘नाही’ म्हटले, की विकत घेणाऱ्याचे सारे शहाणपण तिथेच संपते. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले. हाती मुदत तीन वर्षांची.

त्यांनी जी वाट धरली ती आपल्या शेतकऱ्याला ताबडतोब उमजेल. एकच अजस्र आणि अतिवेगवान मेंदू घडविणे आपल्या आवाक्याबाहेरचे होते. पण बाजारात ‘ट्रान्सप्युटर’ नावाची ब्रिटनमध्ये तयार होणारी चिप मिळत होती. एकटी पाहिली तर सामान्य, परंतु शेजारच्या चिपशी बोलण्यात पटाईत. अशा अनेक चिपा एकमेकींशी जोडायच्या आणि एकच मोठे गणित सर्वांनी वाटून घ्यायचे, असा तो बेत होता. आपल्या गावांत ज्याला इर्जिक किंवा सावड म्हणतात तीच ही रीत. एकट्याने महिनाभर काढायचे रान सगळ्या आळीने मिळून दिवसात उरकायचे. अर्थात इर्जिकीत खरी कसोटी मुकादमाची असते. कोणी कुठल्या तासाला लागायचे, कोणी कोणासाठी थांबायचे, हे चुकले तर माणसे नुसती बांधावर बसतात. ही वाटणी करण्याची विद्याच सी-डॅकच्या मंडळींनी कमावली. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाले. पुढे २००३ साली, टिफ्रॅकच्या परिवारातून निघालेले मुंबईचे ते सॉफ्टवेअर केंद्र याच सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि घराण्याच्या दोन शाखा एका वाड्यात नांदू लागल्या.

याच सी-डॅकने आणखी एक उपकार आपल्यावर करून ठेविला आहे. कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले भारतीय लिप्यांचे काम तिने पुढे नेले, आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड काढले. ते पेटीत बसविले, की इंग्रजीखेरीज काही न जाणणारे यंत्र देवनागरी लिहू लागे. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक चिन्हांचे राष्ट्रीय मानकही ठरले. दिवाळी अंकाच्या वाचकाने याबद्दल एक दिवा अवश्य लावावा.

पुढची वाटचाल वेगाची आहे. २००७ साली पुण्यातच टाटांच्या ‘एका’ या महासंगणकाने जगाच्या यादीत चौथा क्रमांक पटकावला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिते इतका होता. २०१८ साली पुण्याच्या पाषाण येथील उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ आला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात ‘अर्का’. अर्काचा कमाल वेग सेकंदाला ११,७७० लाख कोटी गणितांचा आहे. ढोबळ हिशेब केला, तर अर्का एका सेकंदात जेवढे काम उरकील तेवढ्याला बिचाऱ्या एनिॲकला सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती.

एवढी गणिते कशाला हवीत, असे कोणी म्हणेल. त्याने आमच्या भागात येऊन पाहावे. २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले. पहिल्या गाडीने १० वाघिणींतून ५ लाख लिटर आणले, आणि शहर ती गाडी पाहायला लोटले. आणि २०२५ च्या ऑगस्टात नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात गावांना पुराचा असा वेढा पडला, की लष्कराला पाचारण करावे लागले. एकाच मुलखात एकदा घोटभर पाण्याची वाण आणि एकदा पाण्याचाच काळ! आमच्याकडचा पाऊस बैलाचे एक शिंग भिजवतो आणि दुसरे कोरडे ठेवतो, अशी म्हण आहे. अशा लहरी पावसाचे भाकीत ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी सरी’ एवढ्यावर कसे भागावे?

भाकीत करणारे यंत्र पृथ्वीवर चौकटींचे एक जाळे टाकते आणि प्रत्येक चौकटीतील वारा, उष्मा, दमटपणा यांचे गणित पुनःपुन्हा मांडीत जाते. चौकट मोठी असेल, तर तीत दोन-चार गावे एकत्र सापडतात आणि औशाचा पाऊस व शेजारच्या शिवाराची उघडीप यांची सरासरी निघते. बरे, चौकटीची बाजू निम्मी करायची, तर चौकटी चौपट होतात. शिवाय काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट. अर्काच्या बळावर २०२५ च्या मे महिन्यात ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ चालू झाली आणि पूर्वीची १२ किलोमीटरची चौकट ६ किलोमीटरवर आली. पेरणी चार दिवस थांबवावी की आज करावी, काढलेले सोयाबीन आजच झाकावे की नाही, या प्रश्नांना त्या ६ किलोमीटरांत उत्तर दडलेले असते. बी दोनदा पेरावे लागले तर कर्ज दोनदा काढावे लागते, हे मी कोणाला सांगावे?

आता शेवटची गोष्ट. २०२४ च्या त्याच सप्टेंबरात ‘परम रुद्र’ मालिकेतील एक महासंगणक पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या सेवेला रुजू झाला. ही दुर्बीण आहे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचीच. ज्या संस्थेत १९६० साली टिफ्रॅक चालू झाले, तिच्याच परिवारात सी-डॅकने आखलेले आणि भारतात घडविलेले यंत्र नांदायला आले. टिफ्रॅकवर खर्चलेल्या वर्षांचे काय झाले, हे विचारणाऱ्या व्यवहारी गृहस्थाला मी हेच दाखवीन. तथापि खरे ते सांगितले पाहिजे. रुद्रचा सर्व्हर आपला, पण त्याच्या हृदयस्थानी धडधडणारी चिप अद्याप परक्या कारखान्यातून येते. चंडीगडजवळ मोहालीला चिपांचा सरकारी कारखाना उभा राहिला होता. १९८९ च्या आगीत त्याची राखरांगोळी झाली, आणि त्या एका आगीने आपल्याला फार मागे टाकले. ती पिढी आपल्याकडून निसटली. आता देशात पुन्हा त्या कारखान्यांची उभारणी चालली आहे.

या उभारणीत आमची मुले कुठे असतील, हा प्रश्न मला पडतो. नांदेडला विष्णुपुरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे, विद्यापीठ १९९४ पासून आहे. लातूरच्या शाळांचा तर गुणवत्तेसाठी सर्वत्र डंका आहे. बुद्धीची वाण आमच्याकडे कधीच नव्हती. पण यंत्र वापरायला शिकवणे म्हणजेच यंत्र शिकवणे, अशी आपण स्वतःची समजूत करून घेतली आहे. घरोघर आज टिफ्रॅकच्या लाखो पटींनी बलवान यंत्रे मुलांच्या खिशांत आहेत, आणि त्यांतले एकही त्यांनी उघडून पाहिलेले नाही. तेव्हा माझी आईबापांना एवढीच विनंती आहे. या सुट्टीत माळ्यावरचा बंद पडलेला रेडिओ, बिघडलेली पेटी, जुना मोबाइल खाली काढा. त्याची बॅटरी जाणत्या हातांनी आधी वेगळी करा, आणि मुलांच्या हाती स्क्रू काढायचे पेचकस द्या. पसारा होईल, एखादा स्क्रू हरवेल, वस्तू बहुधा दुरुस्त होणार नाहीच. होऊ द्या. मुंबईच्या त्या तरुणांनीही आरंभी असाच पसारा मांडला होता.